मनोऱ्याच्या उत्तर भिंतीवरच्या ओळी

इंग्लंडमधल्या ॲशवेलच्या सेंट मेरी चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा जे पाहायला गेले होते तेच मला दिसले नाही. मनोऱ्याच्या तळाशी, आतल्या उत्तर भिंतीवर, चौदाव्या शतकातल्या महामारीतून वाचलेल्या कोणीतरी लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत, एवढे ऐकून होते. लहानपणापासून साताऱ्याकडच्या देवळांतले शिलालेख पाहिलेले असल्यामुळे माझ्या मनात घडीव पाटी आणि सारख्या उंचीची अक्षरे होती. प्रत्यक्षात समोर आली ती पांढुरकी, नाना तऱ्हेच्या ओरखड्यांनी भरलेली भिंत. पंधरा मिनिटे तिच्यापुढे उभी राहून मी बाहेर पडले आणि स्टेशनची वाट धरली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे महिन्यातला एक शनिवार मी त्या भिंतीला आणि तिच्यामुळे त्या पॅरिशच्या इतिहासाला दिला. ती भिंत वाचायला मी कशी शिकले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

ॲशवेल हे हार्टफर्डशर परगण्याच्या उत्तर टोकाचे, केंब्रिजशरच्या हद्दीला लागलेले गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. स्टेशनाला गावाचे नाव असले तरी ते तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, शेजारच्या परगण्यात आहे, आणि मधली वाट खडूमातीच्या उघड्या शेतांतून जाते. गावात शिरताच एका खोलगट जागी, ॲशच्या झाडांखाली, जमिनीतून पाण्याचे झरे फुटलेले दिसतात. ॲश वृक्षाजवळचा झरा हाच गावाच्या नावाचा अर्थ. हे पाणी पुढे ऱ्ही नदी होऊन केंब्रिजच्या कॅम नदीला मिळते. या झऱ्यांमुळे इथली वस्ती फार जुनी असावी, असे कोणालाही वाटेल, आणि तसा पुरावाही आहे. २००२ साली गावाजवळच्या एका शेतात रोमन काळातल्या देवस्थानाचा सोन्याचांदीचा ठेवा सापडला. त्यातल्या २७ वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देवीला वाहिलेल्या पातळ पत्र्यांवर सेनुना हे नाव कोरलेले आहे, आणि त्या दिवसापर्यंत या देवीचे नाव कोणाही अभ्यासकाला ठाऊक नव्हते. चर्चच्या इतिहासाला हात घालण्यापूर्वी मी हा मजकूर वाचला हे बरे झाले. दीड हजार वर्षे मातीत राहिलेले नाव काही सेंटिमीटरच्या पत्र्यावरून परत मिळू शकते, हे एकदा मनात बसल्यावर ओरखड्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

दुसऱ्या फेरीत मी आधी बाहेरूनच सगळे पाहिले. चर्चचा मनोरा १७६ फूट उंच आहे, म्हणजे हार्टफर्डशरमधल्या कोणत्याही पॅरिश चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा का, या प्रश्नाने मला पॅरिशच्या इतिहासात ओढले. पॅरिश म्हणजे निव्वळ गाव नव्हे. ज्या शिवाराच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा एका चर्चकडे जातो, ज्या घरांतल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथे होतो आणि ज्यांची माणसे तिथल्या आवारात पुरली जातात, ते सारे शिवार आणि ती सारी घरे मिळून पॅरिश होते. देवस्थान, इनाम आणि गावकी ही तिन्ही एकाच हद्दीत बसवली तर जे होईल, त्याच्या जवळ जाणारी ही रचना आहे. १०८६ सालच्या डूम्सडे नावाच्या, इंग्लंडभरच्या जमिनींच्या सरकारी नोंदीत ॲशवेल हे लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठाच्या मालकीचे आहे आणि तिथे १४ बर्जेस, म्हणजे शहराचे हक्क असलेले रहिवासी, राहत असल्याचे नमूद आहे. आज जे खेडे आहे ते त्या वेळी बाजारपेठेचे ठिकाण होते. चर्चजवळ लाकडी चौकटीचे एक जुने घर उभे असून मठाचा दशांश तिथे गोळा होई, असे सांगितले जाते. गावातल्या दोन मुलांनी जमवलेल्या वस्तूंमधून उभे राहिलेले संग्रहालय १९३० पासून त्याच घरात आहे. मनोरा उभा राहिला तो या बाजाराच्या आणि या दशांशाच्या बळावर.

मनोरा ज्या दगडाचा आहे त्याला क्लंच म्हणतात. खडूच्या जातीचा हा दगड इतका मऊ असतो की कारागिराला त्याचे नक्षीकाम सहज जमते, पण पाऊस आणि थंडी त्याला सोसत नाही. बाहेरच्या अंगाची झीज होत राहिल्यामुळे त्याची वेळोवेळी डागडुजी करावी लागली आहे. आत मात्र हाच मऊपणा इतिहासाच्या उपयोगी पडला. कमरेची सुरी किंवा एखादा टोकदार खिळा एवढ्यावरही या भिंतीत अक्षर उमटते, आणि छताखाली ते टिकते. बेसॉल्टच्या आपल्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सुचणे अवघड आहे. आपल्याकडे लेख कोरायचा तर पाथरवट लावावा लागतो, आणि पाथरवट लावायचा तर पदरी पैसा आणि हाती अधिकार लागतो. ॲशवेलच्या भिंतीवर कोणीही लिहू शकत होता.

वाचनाची सुरुवात झाली ती उजेडापासून. मध्ययुगीन चर्चमधल्या अशा कोरीव खुणांची पद्धतशीर नोंद करण्याचे काम नॉर्फक परगण्यात २०१० पासून स्वयंसेवकांनी केले आणि तीच पद्धत नंतर इतरत्रही वापरली गेली. आमचा लहानसा गट त्याच पद्धतीने शिकला. भिंतीवर समोरून उजेड टाकला की सगळे ओरखडे बुजतात. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर उठून येते. उजेड डावीकडून टाकला तर काही रेघा दिसतात, वरून टाकला तर दुसऱ्या, म्हणून एका फूटभर जागेचे चारही बाजूंनी फोटो घ्यायचे आणि शेजारी मोजपट्टी धरायची. हात लावायचा नाही, कागद ठेवून घासायचे नाही, खडूने रेघ भरायची तर गोष्टच नको. खिडकीतून ऊन येत असेल तर विजेरीचा उपयोग होत नाही, त्यामुळे आमचे बरेचसे काम हिवाळ्यातल्या संध्याकाळी चालले. चर्चमध्ये त्या वेळी बोटे वाकत नाहीत इतकी थंडी असते. उत्तर भिंतीवर पहिल्यांदा आडवी विजेरी धरली तेव्हा मला ओळी दिसल्या. त्या वाचता आल्या नाहीत, पण त्या ओळी आहेत, डावीकडून उजवीकडे जातात आणि एका हाताने कोरल्या आहेत, हे कळले. पहिल्या भेटीत मी ज्याच्यासमोर पंधरा मिनिटे उभी होते ते हेच होते.

पुढचा टप्पा अक्षरांचा. या कामासाठी मी जुन्या इंग्लिश आणि लॅटिन हस्ताक्षरांच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. पुण्यात असताना वडिलांकडची मोडी कागदपत्रे वाचण्यासाठी मी काही महिने मोडी शिकले होते, आणि त्याचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. लिपी वेगळी असली तरी अडचणी त्याच जातीच्या आहेत. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद अक्षरातून हाती लागत नाही, तो संदर्भावरून ठरवावा लागतो. चौदाव्या शतकातल्या लॅटिन लिखाणात आय, एम, एन, यू ही सगळी अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी बनतात, आणि सात रेघा एका ओळीत आल्या की त्यातून कोणती अक्षरे काढायची हे शब्द ओळखल्याशिवाय कळत नाही. मोडीत लेखक जसे ठराविक शब्द एका खुणेत आटपतात, तसे इथेही अक्षरांवर आडवी रेघ देऊन अर्धा शब्द गाळलेला असतो. वर्गातल्या बाकीच्यांना ही लबाडी वाटे. मला ती ओळखीची होती.

या काळात एक चूक माझ्या हातून झाली. सरावासाठी आम्ही दुसऱ्या एका चर्चमध्ये गेलो असता खांबावर एकमेकांत गुंतलेली दोन व्ही अक्षरे मला सापडली. मी ती कोणाची तरी आद्याक्षरे समजले, त्या काळातल्या जमीनदार घराण्यांत त्या अक्षरांचे नावही शोधून काढले आणि तशी नोंद केली. गटातल्या ज्येष्ठ बाईंनी ती नोंद परत केली. ही खूण इंग्लंडभरच्या चर्चमध्ये शेकड्यांनी आढळते आणि बहुधा ती कुमारी मेरीच्या नावाची असते, असे त्यांनी समजावले. ‘जे दिसते ते आधी लिहा, ते काय आहे हे नंतर, वेगळ्या रकान्यात,’ हा त्यांचा नियम. त्या दिवसापासून मी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने करू लागले, आणि उत्तर भिंतीचे वाचन खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाले.

आता ओळींकडे येते. त्यातली एक ओळ सांगते की पहिली साथ एक हजार, तीन शतके आणि ‘पन्नासात एक उणे’ या साली आली. लॅटिनमध्ये ‘एल मिनस उनो’ असे आहे: पन्नास, वजा एक. वर्गातल्या शिक्षकांनी हा आकडा कवितेच्या सोयीसाठी असा फिरवून लिहिल्याचे सांगितले तेव्हा मी एकोणपन्नास हा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड करून दाखवली. आपण बाजारात, शाळेत, वाढदिवसाला रोज जे बोलतो ते अगदी हेच आहे. काळी महामारी, म्हणजे प्लेगची साथ, १३४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली आणि १३४९ मध्ये या भागात पोचली. तेव्हा ओळीतले साल बरोबर आहे. पुढच्या ओळीत पुन्हा तीच रीत: हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा, म्हणजे १३५०, आणि त्याला जोडून ‘मिसेरान्दा, फेरॉक्स, व्हिओलेन्ता’ ही तीन विशेषणे. दयनीय, हिंस्र, उग्र. ‘पाचदा’साठी वापरलेल्या ‘पेन्ता’शी ‘व्हिओलेन्ता’चे यमक जुळवलेले आहे. ज्याने हे कोरले त्याला पद्यरचना येत होती, म्हणजे तो शिकलेला होता, बहुधा चर्चच्या सेवेतलाच कोणी. तरीही ‘या वर्षी’मधल्या ‘या’साठी येणाऱ्या ‘होक’ या साध्या शब्दातला आरंभीचा ‘ह’ त्याने गाळला आहे. हा गाळलेला ‘ह’ मला त्या सगळ्या लेखातला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिथे त्या माणसाचा उच्चार ऐकू येतो.

शेवटच्या भागाने मला सर्वांत अधिक वेळ अडकवले. अखेरीस, असे तो म्हणतो, एक जबरदस्त वारा, मॉरस, या वर्षी जगात गडगडतो आहे. आणि त्यापुढे साल आहे १३६१. मॉरस हा संत असून त्याचा दिवस १५ जानेवारी. म्हणून मी १३६१ च्या जानेवारीतल्या वादळाचा शोध घेऊ लागले आणि काहीच हाती लागेना. जे मोठे वादळ सर्वत्र नोंदलेले आहे ते १३६२ च्या जानेवारीतले. त्याने नॉर्विच कॅथीड्रलचा शिखरमनोरा पाडला, आणि उत्तर समुद्र ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी आत घुसवले. एक वर्षाचा हा फरक कोरणाऱ्याची चूक असेल असे मी जवळजवळ ठरवले होते. मग लक्षात आले की मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग जुन्याच सालात मोडे. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो, आणि माघ-फाल्गुनातल्या घटनेचे इसवी सन काढताना शकात ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया १६३० च्या फेब्रुवारीत येते ती याच हिशेबाने. हा हिशेब मी शाळेत असल्यापासून जाणते, तरी परक्या भिंतीसमोर तो आठवायला मला दोन महिने लागले. भिंत बरोबर होती. ‘या वर्षी’ असे तिने म्हटले आहे, तेव्हा वारा ओसरून २५ मार्च उजाडण्याच्या आतच त्या ओळी कोरल्या गेल्या असाव्यात, असे माझ्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलेले आहे. १३६१ सालीच महामारीची दुसरी लाट इंग्लंडवर आली होती आणि तिच्यात लहान मुले अधिक दगावली, असे त्या काळचे बखरकार लिहितात. तिच्या पाठोपाठ हे वादळ आले.

हे वाचून झाल्यावर कोण गेले, किती गेले, हे शोधावेसे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी मी हार्टफर्डच्या दप्तरखान्यात गेले, आणि तिथे पॅरिशच्या इतिहासाची एक मोठी मर्यादा समजली. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरे ठेवण्याचा हुकूम राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला. त्यापूर्वीच्या सामान्य माणसाचे मरण कुठल्या पानावर उतरतच नसे. १३४९ मधल्या ॲशवेलची दफनांची यादी कधी अस्तित्वातच नव्हती. त्या काळाचा लेखी पुरावा हवा असेल तर बिशपच्या दप्तराकडे जावे लागते. ॲशवेल त्या वेळी लिंकनच्या धर्मप्रांतात, हंटिंग्डनच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या, हाताखाली होते. आज ते ज्यात मोडते तो सेंट ऑल्बन्सचा धर्मप्रांत १८७७ मधला. लिंकनचा बिशप जॉन गाइनवेल याच्या नोंदवह्यांमध्ये रिकाम्या झालेल्या जागांवर नेमलेल्या पाद्र्यांची नावे आहेत, आणि त्यांवरून त्या विस्तीर्ण प्रांतातले सुमारे ४० टक्के पाद्री महामारीत दगावल्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. नांगर धरणारे, कणीक मळणारे, मेंढ्या राखणारे यांचा असा हिशेब लागत नाही. म्हणून उत्तर भिंतीची किंमत मला अधिक वाटते. बिशपचे दप्तर दूरच्या कचेरीत लिहिले गेले. भिंतीवरचे लिहिणे गावात, गावातल्या माणसाने, गावातल्याच दगडावर केले.

त्याच भिंतीवर एका भव्य चर्चचे कोरीव चित्र आहे, खिडक्या-कमानींसह बारकाईने काढलेले. ते लंडनचे जुने सेंट पॉल्स कॅथीड्रल असावे असे सामान्यतः मानले जाते. त्या कॅथीड्रलचे शिखर १५६१ साली वीज पडून जळाले आणि उरलेली इमारत १६६६ च्या आगीत गेली, त्यामुळे असे चित्र हाती असणे ही मोठीच गोष्ट आहे. आतल्या खांबांवरही मजकूर आहे. एके ठिकाणी कोणीतरी कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नसल्याची तक्रार करून ‘मी थुंकतो’ असे लॅटिनमध्ये लिहिले आहे, दुसरीकडे बार्बरा नावाच्या स्त्रीला रानटी म्हटले आहे. ही वाक्ये पाहायला येणारे लोक हसतात. मला त्या सांध्यांवर रागावलेल्या माणसाबद्दल आदर वाटतो. काम चांगले व्हावे ही त्याची तळमळ होती.

काम संपत आले तेव्हा गटाने ठरवले की ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही त्यांनी त्या ओळींचा आपापल्या भाषेत अनुवाद करून नोंदीला जोडावा. सगळे जमले, फक्त तीन शब्द अडले: ‘सुपेरेस्त प्लेब्स पेस्सिमा’. प्रजा उरली आहे, पण ‘पेस्सिमा’, म्हणजे वाईटातली वाईट, आणि ती ‘तेस्तिस’, साक्षीदार म्हणून. इंग्लिश अनुवादांत याचे कोणी दुर्दैवी करतात, कोणी गाळ. भल्या माणसांना नेले आणि नालायक आम्ही मागे राहिलो, असे कोरणाऱ्याला म्हणायचे आहे, की जे वाचले त्यांची दशा फार वाईट आहे, असे? लॅटिनमध्ये दोन्ही अर्थ एका शब्दात मावतात. मी वहीत हीन, केविलवाणी, अधम असे शब्द लिहिले आणि एकेक करून खोडले. हीनमध्ये तिरस्कार येतो, केविलवाणीमध्ये पाहणाऱ्याची दया येते, आणि हे लिहिणारा तर स्वतःबद्दलच लिहीत होता.

आठवड्याने आईचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितले. तिची आजी प्लेगच्या साथीत, गेल्याच्या आदल्या शतकाच्या शेवटी, गाव सोडून माळावर झोपडीत राहिलेली होती, आणि तिच्याकडून ऐकलेली हकीकत आई पूर्वीही सांगत असे. घरे उघडी टाकून सारे गाव रानात गेले, दोन महिन्यांनी परतले तेव्हा वेशीतून कोण कोण आत शिरले, हे आजी नावानिशी मोजायची. या खेपेला आईने ते सांगून झाल्यावर सहज म्हटले, ‘मग काय, उरलीसुरली माणसं परत आली आणि चुली पेटवल्या.’

पुढच्या शनिवारी मी चर्चमधल्या बाकावर बसून डाव्या रकान्यात भिंतीवरची ओळ अक्षर न् अक्षर पुन्हा उतरवली आणि उजवीकडे लिहिले: ‘उरलीसुरली प्रजा साक्षीला आहे.’ वाईटपणाचा अर्थ त्यात पुरता येत नाही हे मला ठाऊक होते, म्हणून समासात ‘पेस्सिमा’ हा शब्द तसाच ठेवला.